जळालेल्या भिंतींचा बॅकअप

२६ जानेवारी म्हटलं की आपल्याला झेंडावंदन आठवतं. जपानमधल्या जुन्या मंदिरांमध्ये त्याच दिवशी पाण्याचे फवारे उडतात. अग्निशमन दलाचे बंब येतात, भिक्खू आणि गावकरी होजपाइप धरून उभे राहतात आणि आग विझवण्याची रंगीत तालीम होते. १९५५ पासून हा दिवस तिथे सांस्कृतिक वारशाचं आगीपासून संरक्षण करण्याचा दिवस म्हणून पाळला जातो.

त्याचं कारण १९४९ सालातलं आहे. त्या वर्षी २६ जानेवारीच्या सकाळी नारा प्रांतातल्या होर्यूजी मंदिराला आग लागली आणि साडेबाराशे वर्षं टिकलेली भित्तिचित्रं काही तासांत करपून गेली. आग लागली तेव्हा त्या चित्रांच्या नकला करण्याचं काम चालू होतं. म्हणजे बॅकअप घेता घेता मूळ डेटाच उडाला!

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. असं वाक्य वाचलं की आमच्या धंद्यातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. मागच्या नोव्हेंबरात कंपनीच्या कामासाठी ओसाकात होते, तेव्हा एक रविवार मोकळा मिळाला. ऑफिसातल्या लोकांनी क्योतोचं सोनेरी मंदिर सुचवलं. मी मात्र तेन्नोजी स्टेशनवरून यामातोजी मार्गावरची गाडी पकडली आणि होर्यूजीला उतरले. सकाळी होर्यूजी, दुपारी नारा शहरातलं तोदाइजी आणि संध्याकाळी कोफुकुजी असा बेत होता. तिन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट पाहायची होती: जे जळतं, त्याचं पुढे काय होतं?

लॉग एक सांगतो, कोड दुसरंच

स्टेशनपासून वीसेक मिनिटं चालत गेलं की पाइनच्या झाडांची एक लांब रांग लागते आणि त्या रांगेच्या टोकाला दरवाजा. आत शिरलं की डाव्या हाताला पाच मजली पॅगोडा आणि उजव्या हाताला कोन्दो, म्हणजे मुख्य मूर्तींचं मंदिर. आज उभ्या असलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती म्हणून या ओळखल्या जातात. पॅगोडाची उंची साधारण ३२ मीटर. भूकंपांच्या देशात, लाकडाचा हा मनोरा तेराशे वर्षं उभा आहे.

पण तेराशेच का? परंपरेप्रमाणे राजपुत्र शोतोकु आणि सम्राज्ञी सुइको यांनी हे मंदिर ६०७ मध्ये बांधलं. मग चौदाशे का नाही?

कारण जपानचा प्राचीन इतिहासग्रंथ 'निहोन शोकी' सांगतो की ६७० मध्ये होर्यूजी पूर्ण जळालं, एकही इमारत उरली नाही. १९०५ च्या सुमारास यावरून विद्वानांत मोठा वाद पेटला. ग्रंथ प्रमाण मानणारे इतिहासकार म्हणाले, लिहिलंय ना, मग हे नंतरचंच बांधकाम. वास्तुशास्त्राचे अभ्यासक म्हणाले, मोजमापं बघा, शैली बघा, हे जुन्याच काळातलं आहे, ग्रंथ चुकतोय. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग फाइल एक सांगत होती आणि कोड दुसरंच.

१९३९ मध्ये आवारातच उत्खनन झालं आणि जमिनीखाली एका आधीच्या मंदिराचे पाये सापडले. त्यात पॅगोडा आणि कोन्दो शेजारी-शेजारी नव्हते, एकामागे एक होते. त्या पायांची दिशाही आजच्या इमारतींशी जुळत नव्हती. म्हणजे पहिलं मंदिर खरंच होतं आणि ते गेलं. आज दिसतं ते सातव्या शतकाच्या शेवटी किंवा आठव्याच्या सुरुवातीला बांधलेलं.

वाद मिटला असं वाटत असताना विज्ञानाने अजून एक गंमत केली. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांवरून लाकडाचं वय काढतात. पॅगोडाच्या मधल्या मुख्य खांबाची तशी तपासणी झाली, तेव्हा २००१ मध्ये निकाल आला की ते झाड ५९४ मध्ये तोडलेलं आहे. इमारत उभी राहण्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी. जुन्या इमारतीतला खांब काढून वापरला असावा किंवा तोडलेलं झाड साठवून ठेवलं असावं, असे तर्क आहेत. काहीही असो, जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी मनोऱ्यातही काहीतरी त्याच्याहून जुनं आहे.

मी त्या पॅगोडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. खालच्या मजल्याच्या जाळीतून आतला काळोख दिसतो. तिथे मध्यभागी तो खांब आहे हे माहीत असल्यामुळे मी उगाचच बराच वेळ डोळे ताणून बघत होते.

अगं, हा तर पद्मपाणी!

कोन्दोत फोटो काढायला बंदी आहे. आत अंधार, जाळी आणि शांतता. मधोमध ६२३ मधली शाक्यमुनींची कांस्यमूर्ती, तोरी नावाच्या शिल्पकाराने घडवलेली. डोळे अंधाराला सरावले की मागच्या भिंतींवर चित्रं दिसू लागतात. बारा भिंती. त्यांतल्या चार मोठ्या, सुमारे तीन मीटर उंच, त्यांवर बुद्धांचे स्वर्गलोक. उरलेल्या आठांवर एकेक बोधिसत्त्व.

ही चित्रं मूळ नाहीत. त्यांच्याकडे वळूच. आधी मूळ चित्रांबद्दल.

मी जळगावची. आमच्याकडे पाहुणे आले की अजिंठा दाखवायला न्यायचं हा रिवाज. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. आमच्या बैठकीच्या खोलीत पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचं छापील चित्र होतं, कॅलेंडरमधून कापून फ्रेम केलेलं. कमरेतून, मानेतून किंचित झुकलेला, हातात निळं कमळ, पापण्या खाली. मी त्याच्या नजरेखाली अभ्यास केलाय, टीव्ही पाहिलाय आणि मारही खाल्लाय.

बाहेरच्या दुकानात सहाव्या भिंतीवरच्या बोधिसत्त्वाचं पोस्टकार्ड मिळालं. ओसरीवर बसून मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि ते कॅमेऱ्यासमोर धरलं.

"बाबा, हे कोण ते ओळखा."

"अगं, हा तर आपला पद्मपाणी! पण रेषा वेगळीय. ही एकसारखी आहे बघ, तारेसारखी. आपला रेष जाड-बारीक करतो. कुठलंय हे?"

बाबांचं निरीक्षण बरोबर होतं. होर्यूजीच्या चित्रांतली रेष सर्वत्र सारख्या जाडीची आहे आणि तिथले अभ्यासकही तिला लोखंडी तारेचीच उपमा देतात. ती रेष तांग काळातल्या चीनमधून आली. पण देहाची वळणं, मुकुट, पापण्या, छायेने दिलेली गोलाई यांचं अजिंठ्याशी असलेलं साम्य शंभरहून जास्त वर्षं अभ्यासक नोंदवत आले आहेत. अजिंठ्याची ही चित्रं पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. होर्यूजीची इ. स. ७०० च्या आसपासची. मधे दोनशेहून जास्त वर्षं आणि अर्धं आशिया खंड आहे. अजिंठ्याचा एखादा चित्रकार उठून जपानला गेला असं कुणी म्हणत नाही. बौद्ध धर्माबरोबर प्रतिमा फिरल्या: मध्य आशियातली वाळवंटातली लेणी, चीन, कोरिया. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आधीचं चित्र बघून पुढचं काढलं. म्हणजे नक्कलच केली. होर्यूजीचा बोधिसत्त्व हा नकलेच्या नकलेची नक्कल होता आणि तरीही तो स्वतःसारखाच होता.

नकलांचं नशीब

आता नकलांची गोष्ट. ही अजिंठ्यापासून सुरू होते.

१८४४ मध्ये मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याचं काम मिळालं. त्याने वर्षानुवर्षं तिथे राहून मोठमोठे कॅनव्हास रंगवले आणि ते लंडनला पाठवले. १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेले बहुतेक कॅनव्हास जळाले.

मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. त्यांतच पेस्तनजी बोमनजी होते, पुढे मोठे चित्रकार झाले. या मंडळींनी पुन्हा सगळ्या नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागली आणि त्यांतल्याही बऱ्याचशा गेल्या.

तिसरी खेप जपान्यांची. अराई काम्पो नावाचे चित्रकार १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून कोलकात्याला जपानी कुंचल्याची पद्धत शिकवायला आले होते. १९१७-१८ च्या हिवाळ्यात जपानी चित्रकारांच्या एका गटाबरोबर ते अजिंठ्याला गेले आणि त्यांनी तिथल्या चित्रांच्या नकला केल्या. त्या नकला तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपानंतर तोक्यो पेटलं आणि त्यात त्या जळाल्या.

तीन वेळा बॅकअप, तीनही वेळा आग. आणि मूळ चित्रं मात्र वाघूर नदीच्या काठी, कड्याच्या पोटात जागच्या जागी. फुटलेली, काळवंडलेली, पण होती.

होर्यूजीत नेमकं उलटं घडलं. १९४० मध्ये सरकारने तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायचं ठरवलं. चार गट केले. त्यांतल्या एका गटाचे प्रमुख होते अराई काम्पो! अजिंठ्याच्या नकला गमावलेला माणूस आता पुन्हा एका अंधाऱ्या जागेत, तशाच बोधिसत्त्वांसमोर बसला. अंधारात रंग नीट दिसावेत म्हणून तिथे फ्लुरोसंट दिवे लावले होते. जपानमध्ये त्या दिव्यांचा हा अगदी सुरुवातीचा वापर. मधे युद्ध आलं. काम अडलं, तरुण माणसं सैन्यात गेली. एप्रिल १९४५ मध्ये अराई वारले, काम अपुरं ठेवून.

युद्ध संपलं. जपानची शहरं बॉम्बनी जळाली होती, पण होर्यूजी वाचलं होतं. नकला पुन्हा सुरू झाल्या. त्याच वेळी इमारतीची मोठी दुरुस्ती चालू होती, म्हणून कोन्दोचा वरचा भाग उतरवून ठेवला होता आणि मूर्तीही बाहेर हलवल्या होत्या. आणि मग २६ जानेवारी १९४९.

आग कशाने लागली यावर एकमत कधीच झालं नाही. कडाक्याच्या थंडीत चित्रकार बसण्यासाठी वापरत असलेली विजेची उशी हे कारण जास्त वेळा सांगितलं जातं. मातीच्या भिंती पडल्या नाहीत. पण रंग उडाले, लाकडी खांबांचा कोळसा झाला आणि पाण्याच्या माऱ्याने काही चित्रांना भोकं पडली. आगीनंतर मुख्य भिक्खू साएकी जोइन त्या जळक्या भिंतींमध्ये हात जोडून उभे आहेत, असा एक फोटो आहे. मी तो गाडीत बघितला होता. त्यानंतर मोबाइल बंद करून खिडकीबाहेर बघत बसले.

रिस्टोअर

त्यानंतर काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी जळालेलं काही फेकलं नाही. करपलेल्या भिंती आणि कोळसा झालेले खांब आवारातल्याच एका स्वतंत्र इमारतीत पुन्हा होते तसे उभे केले. ती इमारत सहसा खुली नसते. पण तिच्यात राखाडी भिंतींवर बोधिसत्त्वांच्या आकृती अजूनही आहेत, रंगांशिवाय. आधीच उतरवून ठेवल्यामुळे वाचलेली उडत्या अप्सरांची वीस छोटी चित्रंही जपलेली आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे कोन्दो पुन्हा उभं केलं. वरचं लाकूड दुरुस्तीसाठी उतरवलं होतं म्हणून वाचलं, ते वर गेलं. खाली नवं लाकूड आलं. १९५४ मध्ये काम पूर्ण झालं. यावर राबणाऱ्यांत निशिओका त्सुनेकाझु हे होर्यूजीच्या पिढीजात सुतार घराण्यातले सुतार होते. जुन्या खांबांवरच्या हत्यारांच्या खुणा वाचून त्यांनी भाल्याच्या पात्यासारखा एक रंधा, जो शेकडो वर्षं वापरातून गेला होता, पुन्हा घडवून घेतला. विचार करा, प्रोग्राम वाचून त्याचा हरवलेला कंपायलर तयार करण्यासारखं हे काम.

तिसरी गोष्ट फोटोंची. १९३५ मध्ये, म्हणजे आगीच्या चौदा वर्षं आधी, क्योतोच्या बेन्रिदो या छपाई संस्थेने बाराही भिंतींचे फोटो काचेच्या मोठमोठ्या प्लेटांवर, चित्रांच्या खऱ्या आकारात तुकड्या-तुकड्याने घेतले होते. रंग वेगळे करणाऱ्या फिल्टरांमधूनही घेतले. १९६७-६८ मध्ये त्या फोटोंचे फिकट ठसे कागदावर छापून, त्यावर चौदा चित्रकारांनी हाताने पुन्हा चित्रं रंगवली. आज कोन्दोत दिसतात ती हीच. त्या चौदांत हिरायामा इकुओ होते. १५ वर्षांचे असताना ते हिरोशिमात होते आणि अणुबॉम्बमधून वाचले होते.

त्या १९३५ च्या काचाही आता संरक्षित वारसा आहेत. २०२० मध्ये त्यांचं स्कॅनिंग इंटरनेटवर खुलं झालं. हे वाचता वाचता तुम्ही मोबाइलवर सहावी भिंत उघडून बोधिसत्त्वाच्या पापणीपर्यंत झूम करू शकता. कोन्दोच्या अंधारात जाळीमागे उभं राहून मला ती पापणी दिसली नव्हती.

आणि चौथी गोष्ट कायद्याची. आगीच्या पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, जपानने सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात इमारती, चित्रं, मूर्ती होत्याच. शिवाय अमूर्त वारसा होता, म्हणजे माणसांच्या हातातली कला. पुढे १९७५ मध्ये दुरुस्तीच्या तंत्रांनाही, म्हणजे सुतारकाम, छप्पर शाकारणं, लाख लावणं अशा कामांना त्यात जागा मिळाली. भिंत वाचवायची तर भिंत करणारा माणूसही वाचवावा लागतो, हे त्यांनी कायद्याच्या भाषेत लिहून ठेवलं.

पॅचवर पॅच

होर्यूजीहून नारा रेल्वेने बारा-तेरा मिनिटांवर. स्टेशनवरून तोदाइजीकडे चालत गेलं की हरणं लागतात आणि त्यांच्या बिस्किटांसाठी किंचाळणारी मुलं. त्या गोंधळातून पुढे आलं की नान्दाइमोन हा महादरवाजा आपल्याला एकदम लहान करून टाकतो. दरवाजा ११९९ चा. दोन्ही बाजूंना आठ मीटरहून उंच लाकडी द्वारपाल. १२०३ मध्ये उन्केई, काइकेई आणि सहकाऱ्यांनी ते फक्त ६९ दिवसांत पूर्ण केले. लाकडाचे हजारो तुकडे जोडून. डेडलाइन हा शब्द तेव्हा नसेल, पण प्रकार होता.

महाबुद्धाची कथा ७४३ मध्ये सुरू होते. देवीची साथ, दुष्काळ, बंड यांनी हैराण झालेल्या सम्राट शोमूने कांस्याची विराट मूर्ती घडवायचा हुकूम काढला. ७५२ मध्ये मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला. आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेसारखाच. हातात कुंचला घेऊन बुद्धाच्या डोळ्यांत बाहुल्या रेखण्याचा मान एका भारतीयाला मिळाला: बोधिसेन, दक्षिण भारतातला भिक्खू, चीनमार्गे ७३६ मध्ये जपानला पोचलेला. कुंचल्याला लांब दोर बांधला होता आणि जमलेल्या लोकांनी तो धरला होता, म्हणजे डोळे उघडल्याचं पुण्य सगळ्यांना मिळावं. तो कुंचला आणि तो निळा दोर आजही तोदाइजीच्या जुन्या कोठारातल्या, शोसोइनच्या, संग्रहात आहेत. बोधिसेन मायदेशी परतला नाही. ७६० मध्ये तिथेच वारला.

११८० मध्ये यादवी युद्धात ताइरांच्या फौजेने नारा पेटवलं. मंदिर जळालं, मूर्ती वितळली. चोगेन नावाचा साठीचा भिक्खू देशभर फिरून वर्गणी गोळा करायला निघाला. त्याने चीनमधला ओतारी आणला, डोंगरातून झाडं आणली. ११८५ मध्ये पुन्हा डोळे उघडायचा विधी झाला, तेव्हा निवृत्त सम्राट गो-शिराकावाने कोठारातून बोधिसेनाचा तोच कुंचला काढून घेतला. चारशे तेहतीस वर्षांनंतर तेच हत्यार, त्याच कामासाठी.

१५६७ मध्ये पुन्हा लढाई, पुन्हा आग. यावेळी राजाकडे पैसा नव्हता, देशाकडे शांतता नव्हती. लाकडी सांगाड्यावर तांब्याचे पत्रे ठोकून मूर्तीला तात्पुरतं डोकं बसवलं. तात्पुरतं छप्परही १६१० च्या वादळात उडालं. महाबुद्ध जवळजवळ शंभर वर्षं उघड्यावर पावसात बसून होता. शेवटी कोकेई नावाच्या भिक्खूने वर्गणीची मोहीम सुरू केली. १६९२ मध्ये नव्या डोक्याचे डोळे उघडले. आजचं मंदिर १७०९ मध्ये पुरं झालं आणि ते पाहायला कोकेई उरला नव्हता, १७०५ मध्येच तो गेला.

आत उभं राहून मी त्या मूर्तीकडे आमच्या ऑफिसातल्या जुन्या सिस्टिमकडे बघावं तशी बघत होते. साधारण १५ मीटर उंच. डोकं सतराव्या शतकातलं. धडावर मधल्या काळातली दुरुस्ती. आणि खाली, आसनाच्या कमळाच्या काही पाकळ्या मूळ, आठव्या शतकातल्या, त्यांवर विश्वाची नक्षी कोरलेली. इमारतही मूळपेक्षा अरुंद: पूर्वी सुमारे ८६ मीटर रुंद होती, आता ५७. कारण तेवढी झाडं आणि तेवढा पैसा उरला नव्हता. खांबांकडे नीट बघा. ते अखंड झाडाचे नाहीत. मधल्या लाकडाभोवती फळ्या लावून लोखंडी पट्ट्यांनी आवळले आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत छपराच्या आत पोलादी तुळयाही घातल्या गेल्या.

हे सगळं कुणी लपवलेलं नाही. पट्ट्या दिसतात, सांधे दिसतात. पॅचवर पॅच, पण सिस्टिम चालू आहे. समोर एक आजीबाई आपल्या नातवाला हात जोडायला शिकवत होती आणि त्यांना त्या पॅचशी काही देणंघेणं नव्हतं.

आग नसतानाही

संध्याकाळी कोफुकुजीला गेले तेव्हा प्रसिद्ध पाच मजली पॅगोडा दिसलाच नाही. मोठी दुरुस्ती चालू असल्यामुळे तो पूर्ण झाकलेला होता. हा पॅगोडा ७३० मध्ये बांधला, पाच वेळा जळाला आणि आजचा १४२६ मधला आहे. उंची ५० मीटर.

पण सर्वांत मोठं संकट आगीचं नव्हतं. १८६८ मध्ये मेइजी सरकारने शिंतो देवता आणि बुद्ध वेगळे करायचा हुकूम काढला. शेकडो वर्षं एकमेकांत मिसळलेलं दैवत एका फटक्यात दोन खात्यांत विभागलं. ठिकठिकाणी बौद्ध मंदिरं फोडली गेली. कोफुकुजीचे भिक्खू शेजारच्या कासुगा देवस्थानाचे पुजारी झाले आणि मंदिर ओस पडलं. भिंती पाडल्या, जमीन सरकारजमा झाली. आज हरणं चरतात ते नारा उद्यान त्याच जमिनीवर आहे. पॅगोडा विकायला काढला होता आणि घेणारा तो जाळून फक्त धातू काढून घेणार होता, असं नाऱ्यात सांगतात. आग आपल्या घरांपर्यंत येईल म्हणून शेजाऱ्यांनी विरोध केला आणि पॅगोडा वाचला. ही कहाणी किती खरी ते सोडा. तिच्यात कलाप्रेमाचा लवलेश नाही म्हणून मला ती पटते.

१८८१ मध्ये मंदिर पुन्हा सुरू झालं. १८९७ मध्ये जुनी मंदिरं जपण्यासाठी कायदा आला. आणि १७१७ मध्ये जळालेलं इथलं मधलं मोठं मंदिर तीनशे वर्षांनी, २०१८ मध्ये पुन्हा उभं राहिलं. जपानमध्ये तेवढी मोठी झाडं मिळेनात म्हणून खांबांचं लाकूड आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधून आलं. त्या लाल खांबांसमोर उभं राहिल्यावर प्रश्न पडतोच: हे जुनं मंदिर आहे की सात वर्षांचं?

याच शहरात या प्रश्नावर जगाने चर्चा केलेली आहे. नोव्हेंबर १९९४ मध्ये देशोदेशीचे तज्ज्ञ नाऱ्यात जमले होते. तोवर वारसा 'अस्सल' आहे की नाही हे मुख्यतः मूळ दगड-विटा किती शिल्लक आहेत यावर ठरायचं. दगडाच्या देशांना ते सोयीचं होतं. लाकडाच्या देशांत तुळई बदलावीच लागते. नाऱ्याच्या मसुद्याने मान्य केलं की अस्सलपणा बांधण्याच्या पद्धतीत, वापरात, परंपरेतही असतो आणि तो त्या त्या संस्कृतीच्या नजरेतून तपासायला हवा.

हे सगळं मान्य करूनही मला सहावी भिंत विसरता येत नाही. सुतारकी पुन्हा शिकता येते, तुळई पुन्हा घालता येते. त्या एका चित्रकाराची ती एक रेष पुन्हा निघत नाही. १९६८ च्या चौदा चित्रकारांनाही हे माहीत होतं. म्हणून तर जळक्या भिंती जपल्या आहेत: नक्कल कितीही चांगली असली तरी हे गेलंय, याची नोंद राहावी म्हणून.

आपला पद्मपाणी अजून मूळ भिंतीवर आहे. १९२० च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटत चाललेलं प्लॅस्टर चिकटवून धरलं. पण त्यांनी वर लावलेलं शेलॅक पुढे पिवळं पडलं आणि ते काढायचं काम पुरातत्त्व खात्याला वर्षानुवर्षं करावं लागलं. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानच्या कर्जसाहाय्यातून एक मोठं पर्यटक केंद्र उभं राहिलं, त्यात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती आहेत. कल्पना चांगली होती: गर्दीने आधी प्रतिकृती बघावी, मूळ लेण्यांवरचा श्वासांचा, घामाचा भार कमी व्हावा. थकलेल्या बिलांपायी ते केंद्र काही वर्षांतच बंद पडल्याच्या बातम्या आल्या. नक्कल करणं सोपं असतं. तिचं वीजबिल दरमहा भरणं हे खरं काम.

ओसाकाच्या गाडीत बसल्यावर बाबांचा मेसेज आला. सकाळचं पोस्टकार्ड त्यांनी स्क्रीनशॉटवरून पेन्सिलीने उतरवून काढलं होतं आणि कागदाचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "तारेसारखी रेष जमत नाही. हात थरथरतो. मूळ पोस्टकार्ड येताना घेऊन ये."